माझ्या वाट्याची चपराक

माझ्या चुकीची पहिली चपराक दुसऱ्याच्या गालावर बसली. आवाज इतक्या जवळून आला की माझा हात आपोआप माझ्याच गालाकडे गेला, आणि तिथे काहीच झालेलं नव्हतं.

आयटीआयचा टर्नर ट्रेड पास होऊन मी सांगलीजवळच्या एमआयडीसीत एका लहानशा मशीन शॉपमध्ये अप्रेंटिस म्हणून लागले होते. राहायला मावशीकडे, सांगलीत. टर्नर म्हणजे लेथवर काम करणारा, आणि लेथ म्हणजे लोखंडाचा तुकडा गरागरा फिरवत ठेवून त्याला टूलने सोलणारं मशीन. आमच्याकडे साखर कारखान्यांची कामं येत. पिना, बुश, शाफ्ट असली. फिरणारा तुकडा ज्या पोलादी पंजात धरतात तो चक. तो पंजा आवळायला टी आकाराची जाड चावी असते. आवळून झालं की ती तिथल्या तिथे काढून घ्यायची. चुकून राहिली आणि मशीन सुरू झालं, तर ती गोफणीतल्या धोंड्यासारखी सुटते, आणि समोर कोण आहे ते बघत नाही.

म्हणून शॉपमध्ये दोन नियम होते. कुणाच्याही चकात चावी दिसली की बघणाऱ्याने 'चावी!' म्हणून बोंब ठोकायची आणि सगळ्यांनी हात थांबवायचे. आणि ज्याची चावी राहिली, त्याच्या कानाखाली एक जाळ काढायचा. तो काढायचा मान वस्तादांचा.

वस्ताद म्हणजे आमचे मुख्य मिस्त्री. तरुणपणी तांबड्या मातीत कुस्त्या केलेला गडी. मान खांद्यात रुतलेली, आणि कान सुजून मोडून कांदाभज्यासारखे झालेले. त्या शॉपमध्ये नावाने कुणाला हाक मारायची पद्धत नव्हती. ज्या गावचा तो, तेच त्याचं नाव. मी खटावच्या दुष्काळी भागातल्या वडूजची, म्हणून मी वडूज. माझ्या शेजारच्या लेथवर माझ्याहून वर्षभर जुना अप्रेंटिस होता, तो तासगाव. घरी द्राक्षबाग असून याला लोखंडाचं वेड. लेथवरून निघणाऱ्या निळ्या-सोनेरी किसाचे व्हिडिओ काढून रील टाकायचा आणि दिवसभर किती जणांनी बघितले ते सांगत सुटायचा.

लागून आठवडाही झाला नसेल. मी जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, चकात आवळला, टूल बघायला वळले आणि मशीन सुरू करायच्या हँडलला हात घालणार एवढ्यात पलीकडून कुणीतरी 'चावी!' म्हणून ओरडलं. सगळी मशीनं थांबली. वस्ताद ग्राइंडरपासून उठून सावकाश आले. चावी उपसून त्यांनी माझ्या हातात दिली आणि उजवा हात वर उचलला. मी डोळे मिटले नाहीत. आमच्या घरी मारताना पोरगा-पोरगी असा भेद कुणी केला नव्हता. मेंढरं पिकात शिरली म्हणून अण्णांचा आणि भाकरी करपली म्हणून आईचा मार खाऊनच मी वाढले होते. एका चपराकीचं काय एवढं?

वस्तादांचा हात वरच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंड कडू झाल्यासारखं केलं आणि अर्धं वळून तोच हात तासगावच्या कानाखाली हाणला. तो बिचारा आपल्या मशीनवरचा कीस झाडत उभा होता. त्याची टोपी उडून खालच्या ट्रेमधल्या कूलंटच्या दुधट पाण्यात पडली.

"माझं काय चुकलं, वस्ताद?"

"शेजारची पोरगी चावी ठिवती, आन् तुझं ध्यान कुठं हाय? ती नवी हाय. तू जुना हाईस न्हवं?" मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "बायामानसावर मी हात टाकत न्हाई. पर चावी राहिली म्हंजे हात उठनार. उठला की कुठंतरी पडनारच."

सगळे हसले. तासगावही हसला. दुपारी टपरीवर तो मला म्हणाला, "तुझी चपराक मला पडली गं वडूज. आता च्या तरी पाज." मी पाजला. तेव्हा ती गंमतच वाटली होती, मलासुद्धा.

त्या शॉपमध्ये सगळंच अंगावर येणारं होतं. तापलेला कीस उडून गळपट्टीतून आत जायचा आणि कातडीला चिकटून बसायचा. एखादी लांब फीत हाताला गुंडाळली तर ब्लेडसारखी कापत जायची. एका जुन्या कामगाराच्या बोटाचं टोक मशीनने नेलं होतं आणि तो त्याच बोटाने तंबाखू मळायचा. त्यात वस्तादांची भर. जॉबचं माप चुकलं की तोच जॉब डोक्यात. टूल मोडलं की पितळी रॉड बोटांच्या पेरांवर. शिवी तर श्वासागणिक. कुणी तक्रार करत नसे, उलट दुपारी डबे उघडताना कुणाला काय पडलं ते एकमेकांना रंगवून सांगत. मारलं म्हणजे शिकवलं, असा तिथला हिशेब होता, आणि खरं सांगायचं तर मीही तो मान्य करूनच आले होते.

माझी अडचण वेगळी होती. मला कुणी मारतच नव्हतं.

माझं ड्रिल मोडलं, तासगावच्या पेरांवर रॉड. माझ्या बुशाचं भोक मोठं पडून तो बाद झाला, तासगावच्या पाठीत गुद्दा. पुन्हा एकदा चावी राहिली, पुन्हा त्याचा डावा कान. नेहमी डावाच, कारण माझ्या बाजूने येणाऱ्या माणसाला तोच आधी लागायचा. मी भ्यायला लागले. माराला भ्याले असते तर सावरले असते. पण माझ्या हातून काही सुटलं की दुसऱ्याचं डोकं फुटणार या भीतीने माझे हात थरथरायला लागले, आणि थरथरणाऱ्या हातांनी लेथवर जे होतं तेच होत गेलं.

एकदा जेवताना तासगाव कान चोळत होता.

"काय झालं?"

"कान वाजतोय."

"कसा वाजतोय?"

"बेदाना निवडायचं मशीन ऐकलंस का कवा? आमच्या शेडात हाय. दिसभर घुंऽऽ करतंय. तसा." त्याने भाकरी मोडली. "पर त्या मशीनला बंद करायचं बटन असतंय."

मी डॉक्टरकडे जा म्हणाले. तो म्हणाला, "तू चुकायची थांब, त्यो बी थांबंल." त्या वेळी तो हसला नाही.

त्याहून वाईट गोष्ट त्याने मला नंतर सांगितली. वस्ताद त्याला आटे पाडायला शिकवत होते. स्क्रूला असतात तसे आटे पाडणं म्हणजे लेथवरचं खरं कसब. टूल नेमक्या क्षणी आत घालायचं, नेमक्या क्षणी बाहेर काढायचं, एक क्षण इकडेतिकडे झाला की जॉब गेला. वस्ताद त्याच्या मागे, पाठीला छाती लावून उभे राहत आणि तो चुकला की टपली, पुन्हा चुकला की रपाटा. संध्याकाळपर्यंत त्याचे डोळे लाल आणि आटे अगदी नितळ. मी लांब उभी राहून कानस घेऊन बुशांच्या कडा घासत होते. आल्यापासून तेच करत होते. कडा घासायच्या, भोकं पाडायची, झाडू मारायचा.

"वस्ताद, मला बी शिकवा की आटे."

"शिकशील गं. गडबड काय हाय?"

मागून तासगाव हळूच बोलला. "तुला ते मारत न्हाईत म्हंजे तुला शिकवत न्हाईत. अजून कळंना व्हय तुला?"

मला कळलं होतं. म्हणूनच इतका संताप आला. मी हातातली कानस त्याच्याकडे भिरकावली. ती त्याच्या खांद्यावरून जाऊन बेंचच्या लाकडात घुसली आणि थरथरत राहिली. त्याने नुकताच काढलेला गरम बुश उचलून माझ्या पायाशी आपटला. "घरी जा," तो ओरडला. "जा मेंढरामागं! तुझ्यापायी माझा जीव जायाची येळ आली." दोघांना धरून बाजूला करावं लागलं. अर्थातच वस्तादांनी येऊन त्यालाच मारलं, पोरीच्या अंगावर बुश टाकला म्हणून. मी टाकलेल्या कानशीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

त्या दिवशी सुटी झाल्यावर मी वस्तादांसमोर जाऊन उभी राहिले. ते साबणाने आणि लाकडाच्या भुशाने हातावरचं काळं ऑइल काढत होते.

"वस्ताद, माझी चूक झाली तर मला मारा."

ते आधी हसले. मी हसत नाही हे बघून थांबले.

"मी बाईवर हात टाकनारा मानूस वाटलो व्हय तुला?" त्यांचा आवाज वेगळाच निघाला. "माझ्या बापानं माझ्या आईला आसुडानं हानलेलं हाय. माझ्या म्होरं. तिचा एक डोळा गेला त्यात. मी तवा तालमीत जात हुतो. त्याच राती तालमीच्या मातीत हात घालून शपथ वाहिली, हा हात बाईच्या अंगाला लागनार न्हाई. आजपतोर लागला न्हाई. आन् तू म्हनतीस मार."

"मग कुनालाच मारू नका."

"मग शिकनार कसं?" ते म्हणाले. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

त्यांचे डोळे ओले झाले होते. माझा राग त्याने कमी व्हायला हवा होता, उलट दुप्पट झाला, कारण माणूस खोटा नव्हता. खोट्या माणसाशी भांडता येतं. रात्री अण्णांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "हात लावत न्हाई म्हंजे भला मानूस दिसतोय. नशीब काढलंस." मी फोन ठेवून दिला.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. मशीनं डिझेलने धुवून लख्ख केली, हळदी-कुंकू लावलं, हेडस्टॉकवर झेंडूच्या माळा घातल्या. दसरा होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. वस्तादांनी कोहळा फोडून कुंकू लावलेल्या फोडी दारात टाकल्या. मालक पेढे देऊन गेले. आणि मग त्या शॉपची खास रीत, जिची वाट मी आल्यापासून बघत होते. ज्या अप्रेंटिसचा हात बसला असं वस्तादांना वाटे, त्याला त्या दिवशी ते स्वतः धार लावलेलं एक टूल देत. बोटभर लांबीचं पोलाद, पण ते ज्याच्या हातात पडलं तो कारागीर. त्याचा चहा दुसऱ्याने आणायचा.

वस्तादांनी तासगावच्या हातावर टूल ठेवलं. तो पाया पडला. डोकं वर केलं तेव्हा त्याचा चेहरा असा काही फुलला होता की मला क्षणभर त्याचा हेवासुद्धा वाटला नाही, बरंच वाटलं.

मग वस्तादांनी मला हाक मारली. मी पुढे झाले, हात पुढे केला. वस्तादांच्या बायको मागून आल्या, त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि माझ्या पुढे केलेल्या हातात हिरवा खण आणि नारळ ठेवला.

"आमच्या शॉपची लेक हाईस तू," त्या मायेने म्हणाल्या. "दिवाळीला घरी ये बाळा."

सगळे कौतुकाने बघत होते. माझ्या बॉयलर सूटला खिसे मोठे, पण नारळ कुठे मावणार? मी तो धरून दिवसभर उभी होते. वर्षभर लोखंड घासून मला नारळ मिळाला होता. बाथरूममध्ये जाऊन मी भिंतीवर बुक्क्या मारल्या, आणि मग बाहेर येऊन पेढा खाल्ला.

दसऱ्यानंतर साखर कारखान्यांचा हंगाम तोंडावर येतो. ट्रॉल्या भरून जुने शाफ्ट, घासलेले बुश येऊन पडायला लागले. मोठा लेथ वस्ताद स्वतः चालवत. त्याचा चक परातीएवढा आणि त्याची चावी बत्त्यासारखी जड. त्या दिवशी दुपारी ते त्यावर एक शाफ्ट बांधत होते आणि तासगाव शाफ्टचं दुसरं टोक उचलून धरायला होता. मी माझ्या मशीनवर भोकं पाडत होते. माझं मशीन बंद होतं, ड्रिल बदलत होते, आणि माझी चावी माझ्या समोर ट्रेमध्ये होती. हे मी मुद्दाम सांगते आहे.

वस्ताद चक आवळत होते. तासगावचा हात जरा खाली आला, शाफ्ट कलला. वस्तादांनी चावी तशीच चकात सोडली, कारण उजवा हात मोकळा हवा होता, आणि त्याच्या डाव्या कानावर एक ठेवून दिली. त्याची टोपी उडून चकाच्या पलीकडे पडली. तो ती उचलायला वाकला. वस्ताद शिव्या देत हँडलकडे वळले. चावी चकातच होती.

मी ओरडले, "चावी!"

सगळ्यांनी ऐकलं, आणि सगळ्यांनी माझ्या मशीनकडे बघितलं. अख्ख्या शॉपने मान वळवली. चावी राहिली म्हणजे ती पोरीचीच राहिली असणार, याबद्दल तिथे कुणाला शंका नव्हती. वस्तादांनीही माझ्याच चकाकडे बघितलं. कपाळाला आठ्या घालून, रागाने बघितलं, आणि बघता बघता त्यांच्या दुसऱ्या हाताने सवयीने हँडल ओढलं.

तासगावनेच तेवढं ऐकलं नाही. डावा कान माझ्याकडे होता. टोपी घेऊन तो उठला.

आवाज कसा झाला ते मला सांगता येत नाही. चावी त्याच्या कानाच्या खाली, जबड्यावर बसली. तो मागे उडाला आणि जुन्या बुशांच्या ढिगावर पडला. तोंडातून रक्त आणि त्यात पांढरं काहीतरी. मी धावले, मोठ्या लेथचं लाल बटण दाबलं, चक फिरायचा थांबला. सगळे नुसते उभे होते. वस्तादही. त्यांचा हात अजून हँडलवर होता आणि ते त्या हाताकडे बघत होते.

नियम होता. चावी ज्याची, कान त्याचा.

मी वस्तादांच्या कानाखाली मारली. मेंढरांमागे काठी फिरवलेला हात आहे माझा, आणि वर्षभराचा सगळा राग त्यात होता. त्यांचं तोंड फिरलं. त्यांचा हात सवयीने वर उठला, नेहमीच्या उंचीपर्यंत गेला आणि तिथे थांबला. मला वाटलं, आता तरी मारतील. मी गाल पुढे केला. त्यांनी हात खाली घेतला.

"बरुबर हाय," ते म्हणाले. मग त्यांनी गुडघे टेकले, तासगावचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपल्या शर्टाने त्याचं तोंड धरून ठेवलं. टेम्पोतून मिरजेच्या दवाखान्यात नेलं तेव्हाही ते डोकं त्यांच्याच मांडीवर होतं.

जबडा मोडला होता. दाढा गेल्या होत्या. तारेने जबडा बांधून ठेवला आणि तासगावला कित्येक दिवस नळीने पातळ पेज घ्यावी लागली. डावा कान आधीच कामातून गेला होता, असं डॉक्टर म्हणाले. पडदा जुनाच फाटलेला होता. वस्ताद त्याच्या खाटेपाशी बसून राहिले, बेडपॅनसुद्धा त्यांनी उचललं. बरा झाल्यावर त्याचे वडील आले आणि त्याला तासगावला घेऊन गेले. तो परत आला नाही.

वस्तादांनी त्यानंतर कुणावर हात उचलला नाही, असं लिहायला मला फार आवडलं असतं. काही आठवडे तो उठला नाही, एवढंच. मला त्यांनी मोठ्या लेथवर घेतलं, आटे पाडायला शिकवलं, माझ्या मागे उभे राहून, हात पाठीशी बांधून. माझ्याकडून चूक झाली की ते डोळे मिटून घेत. एक दिवस सकाळी माझ्या मशीनवर एक टूल ठेवलेलं होतं, नवी धार लावलेलं. मी ते बांधून बघितलं. लोण्यातून गेल्यासारखं गेलं, आणि ते इतकं चांगलं असल्याचासुद्धा मला राग आला.

मग कोरेगावचा एक नवा पोरगा तासगावच्या लेथवर आला. हसरा, धांदरट. त्याची चावी चकात राहिली तेव्हा मीच बोंब मारली, आणि वस्ताद ग्राइंडरपासून उठून आले, तसेच, सावकाश. हात वर गेला.

मी मध्ये जाऊन उभी राहिले.

"सरक गं वडूज."

"न्हाई सरकत. मारा."

त्यांनी मला टाळून बाजूने यायचा प्रयत्न केला, मीही त्याच बाजूला सरकले. ते थांबले, मी थांबले. कोरेगाव माझ्या पाठीमागे उंदरासारखा बसला होता. हात वरच्या वर राहिला. माझ्या अंगाला लागल्याशिवाय तो त्याच्यापर्यंत पोचत नव्हता, आणि माझ्या अंगाला तो लागणार नव्हता. ती शपथ मातीची होती. वस्तादांच्या मोडक्या कानांपर्यंत रक्त चढलं, ते दातओठ खात राहिले आणि मग फिरून ग्राइंडरकडे गेले.

नंतर मी हेच करत गेले. 'चावी!' अशी आरोळी आली की मी हातातलं काम टाकून पळायचे आणि मध्ये उभी राहायचे. एकदा वस्तादांनी वैतागून पितळी रॉड फेकून दिला, तो छताच्या पत्र्याला लागला. मी मात्र हलले नाही. हळूहळू त्यांचा हात उठण्याआधीच त्यांची नजर मला शोधायला लागली. मग उठेनासा झाला. मला स्वतःचा इतका अभिमान वाटायला लागला की कधी एकदा तासगावला जाऊन हे सांगते, असं झालं.

एका सुटीच्या दिवशी एसटीने गेले. बागेच्या कडेला त्यांचं बेदाण्याचं शेड होतं. हिरव्या जाळीवर द्राक्षं वाळत घातलेली, गंधकाचा उग्र वास, आणि कोपऱ्यात बेदाणा निवडायचं मशीन घुंऽऽ करत चाललेलं. तो त्याच्यासमोर उभा होता. वाळला होता. जबड्यावर एक आडवी खूण. मला बघून त्याने मशीनचं बटण बंद केलं आणि उजवा कान माझ्याकडे केला. त्याची आई चहा टाकायला गेली.

मी सगळं सांगितलं. मोठा लेथ, आटे, टूल. मग कोरेगावची गोष्ट रंगवून सांगितली. मी कशी मध्ये उभी राहते, वस्तादांचा हात कसा वरच्या वर अडकतो, ते कसे चरफडतात. सांगताना मी हसत होते. वस्तादांची नक्कलसुद्धा केली.

तो हसला नाही.

"म्हंजे तू मधी हुबी राहिलीस की झालं," तो म्हणाला. जबड्यामुळे बोलणं जड झालं होतं. "एवढंच करायचं हुतं."

"व्हय," मी म्हणाले.

"आन् हे आता सुचलं तुला?"

त्याने मारली. सगळ्या ताकदीने, माझ्या डाव्या कानाखाली. मी जाळीवर धडपडले, द्राक्षं सांडली. त्याची आई कपबशा घेऊन दारात आली होती, ती किंचाळली. "आरं, पोरीच्या अंगावर हात टाकतूस? लाज वाटंना?"

"पोरगी न्हाई ती," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "वडूज हाय ती."

मी उठले. खाली बसून सांडलेली द्राक्षं वेचून परत जाळीवर टाकली, तोही बसला आणि वेचू लागला. मग आम्ही चहा प्यायलो. निघताना त्याने मूठभर बेदाणे कागदात बांधून दिले.

एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली. डावा कान वाजत होता. घुंऽऽ, एकसारखा, आत कुठेतरी खोल. म्हणजे हा असा असतो तर, असं मनात म्हणत मी तो लक्ष देऊन ऐकत बसले. बाहेर बागा मागे पडत होत्या.

सांगली यायच्या आधीच माझा कान वाजायचा थांबला.